तसबिरीची चकाकी घालवायला पैसे घालवावेत का?

आपल्या समाजातल्या जुन्या घरांत एक भिंत ठरलेली असते. त्या भिंतीवर पणजोबा-पणजीचा फोटो, शेजारी रविवर्मा छापखान्याची लक्ष्मी किंवा सरस्वती, एखादा शाळेचा गटफोटो आणि लग्नातली एक मोठी फ्रेम. बुऱ्हाणपुरात अशी भिंत नसलेले मराठी घर मला तरी आठवत नाही. आता यातली बरीच घरे पाडून नवी झाली किंवा मंडळी फ्लॅटमध्ये गेली. तसबिरी बरोबर आल्या, नव्या भिंतीवर लागल्या, आणि मग लक्षात आले की काही दिसतच नाही. पणजोबांच्या पगडीच्या जागी समोरची बाल्कनी दिसते, पणजीच्या चेहऱ्यावर ट्यूबलाइट.

मग कोणीतरी सुचवते, ‘अँटी-ग्लेअर काच बसवून घ्या.’ साध्या काचेच्या कित्येक पट किंमत, बुऱ्हाणपुरात सहसा तयार मिळत नाही, इंदूर-पुणे-मुंबईच्या मोठ्या फ्रेमवाल्याकडून मागवावी लागते. गेल्या वर्षभरात हा प्रश्न मला आमच्याच गोतावळ्यातून चार वेळा आला. ‘तू इंजिनिअर आहेस ना, सांग.’ मी सॉफ्टवेअरवाला, काचेशी माझा संबंध स्क्रीनपुरता. पण आमच्या घरच्या भिंतीचाही तोच प्रश्न होता, म्हणून जरा खोलात गेलो. त्यातून जे समजले ते इथे मांडतो.

आधी काचेचे गणित. साध्या काचेवर सरळ पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के पुढच्या पृष्ठभागावरून परत येतो आणि जवळजवळ तेवढाच मागच्या पृष्ठभागावरून. एकूण ८ टक्के. ऐकायला हे काहीच नाही असे वाटते. पण दुपारी खिडकीतून दिसणारे आकाश खोलीतल्या पांढऱ्या कागदापेक्षा ४० पट उजळ सहज असू शकते. ४० चे ८ टक्के म्हणजे ३.२. म्हणजे काचेत दिसणारी खिडकी ही फोटोतल्या सर्वांत पांढऱ्या भागाच्या तिप्पट उजळ. बिचारे पणजोबा त्यामागे दिसणार कसे? काळा कोट तर विसराच, कारण फोटोतला काळा रंग पांढऱ्याच्या साधारण सोळाव्या हिश्शाइतकाच प्रकाश परत देतो.

आता ‘अँटी-ग्लेअर’ हा शब्द. बाजारात या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि निम्मा गोंधळ इथेच आहे.

पहिली खरी अँटी-ग्लेअर, जिला फ्रेमवाले मॅट किंवा नॉन-ग्लेअर काच म्हणतात. तिचा पृष्ठभाग ॲसिडने किंचित खरबरीत केलेला असतो. ती प्रकाश परत पाठवायचा थांबवत नाही, फक्त विस्कटून पाठवते. खिडकीचा स्पष्ट आकार जाऊन तिथे दुधट धुके दिसते. ही काच चित्राला अगदी चिकटून असेल तर चित्र बरे दिसते, पण मध्ये थोडे अंतर पडले की चित्रच धूसर होते. ट्रेसिंग पेपर अक्षरांवर ठेवून बघा आणि मग एक बोट वर उचलून बघा, तोच प्रकार.

दुसरी अँटी-रिफ्लेक्शन काच, तिला काही ठिकाणी म्युझियम ग्लास म्हणतात. ती दिसायला नितळ असते, पण तिच्या दोन्ही बाजूंवर अतिशय पातळ थर दिलेले असतात. एकाच थराचा साधा नमुना घेतला तर मॅग्नेशियम फ्लोराइडचा सुमारे १०० नॅनोमीटर जाडीचा लेप. थराच्या वरून परत येणारी लाट आणि खालून परत येणारी लाट एकमेकींच्या उलट पडून एकमेकींना मारतात. अकरावीच्या फिजिक्समध्ये व्यतिकरण म्हणून पाठ केलेले हेच. एकापेक्षा जास्त थर दिले की एकूण परावर्तन १ टक्का किंवा त्याखाली येते. आपल्या चष्म्याच्या काचेवर जो हिरवट-जांभळा रंग चमकतो तो याच थराचा उरलेला अंश. या तंत्राचा शोध दोन ठिकाणी लागला: १९३५ मध्ये जर्मनीत त्साइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर असा लेप चढवण्याची पद्धत काढली, आणि १९३८ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या कॅथरीन ब्लॉजेट यांनी दिसेनाशी होणारी काच जगाला दाखवली.

तर मग ही दुसरी काच आणली की काम झाले? पुन्हा तेच गणित करू. ४० चा १ टक्का म्हणजे ०.४. म्हणजे खिडकीचे प्रतिबिंब आता फोटोतल्या पांढऱ्या रंगाच्या निम्म्याहून कमी. चेहरा दिसायला लागला. पण फोटोतल्या काळ्या रंगापेक्षा ते अजून सहापट उजळ आहे, त्यामुळे कोटाची बटणे, मागचा पडदा, पगडीच्या घड्या अजूनही पुसटच. अर्धा टक्कावाली काच घेतली तरी तिप्पट. म्हणजे भर दुपारच्या बाल्कनीसमोर लावलेली तसबीर कितीही महाग काचेने पूर्ण सुटत नाही. सगळीच चकाकी जाईल असे कोणी विक्रेता सांगत असेल तर त्याला हे गणित दाखवा.

आमच्या क्षेत्रात एक साधा नियम आहे: बग कुठे आहे ते कळल्याशिवाय पॅच लावू नये. काचेच्या बाबतीत बग शोधायला एक हातातला आरसा पुरतो. तुम्ही नेहमी जिथून फोटो बघता तिथे, सोफ्यावर किंवा दारात, एकाला बसवा. दुसऱ्याने फ्रेमच्या काचेवर आरसा सपाट टेकवून धरावा. बसलेल्याला आरशात जे दिसेल तेच चकाकीचे मूळ. कधी बाल्कनी, कधी ट्यूबलाइट, कधी समोरच्या भिंतीवरचा टीव्ही. आमच्याकडे निघाली ती फरशी! पांढरी गुळगुळीत टाइल, तिच्यावर स्लायडिंग दारातून आलेले ऊन, आणि ते ऊन थेट काचेत. चार वर्षे सगळे ट्यूबलाइटला दोष देत होते. एक जुनी सतरंजी अंथरली आणि निम्मा प्रश्न गेला. आजी म्हणाली, ‘सतरंजी मीच तर काढायला नको म्हणत होते.’

आपल्या आजोबा-पणजोबांना हा त्रास का झाला नाही? जुने दिवाणखाने मुळात अंधारे होते. जाड भिंती, लहान खिडक्या, उजेड यायचा तो चौकातून किंवा वरच्या झरोक्यांतून. आणि दुसरी गोष्ट, जी मला फार आवडली: तसबिरी उंच टांगलेल्या असत आणि पुढे झुकवलेल्या. खालची कड भिंतीतल्या दोन खुंट्यांवर टेकलेली, वरून दोरी. आम्हा पोरांना ती कधीही डोक्यावर पडेल अशी भीती वाटायची. झुकवण्याची कारणे अनेक: खाली बसलेल्याला नीट दिसावे, मागून हवा खेळावी. पण त्याबरोबर चकाकीचाही निकाल लागत असे. काच जितकी अंश झुकवावी त्याच्या दुप्पट अंशांनी परावर्तित किरण वळतो.

प्रत्यक्ष आकडे घालून बघा. डोळे जमिनीपासून ५ फुटांवर, तसबिरीचा मध्य ७.५ फुटांवर, तुम्ही ८ फूट लांब उभे, समोरची भिंत तसबिरीपासून १२ फुटांवर. काच भिंतीला सपाट असेल तर तुम्हाला तिच्यात समोरच्या भिंतीवरची साधारण ११ फूट उंचीची जागा दिसेल, म्हणजे नेमका झरोका किंवा हल्लीच्या घरात ट्यूबलाइट आणि छत. तीच तसबीर १० अंश पुढे झुकवली की प्रतिबिंब २० अंश खाली येते आणि दिसते ती ७ फुटांच्या आसपासची भिंत. जुनी दारे बुटकी, सहा फुटांची. दाराच्या वर आणि झरोक्याच्या खाली जो कोरा पट्टा असतो, बरोबर तोच. कोऱ्या भिंतीचे प्रतिबिंब डोळ्यांना जाणवतही नाही. हे गणित कोणी मांडून केले असेल असे मी म्हणत नाही, पण टांगणाऱ्याने दोरी ढिली-घट्ट करून डोळ्यांनी ते नक्की केले असणार. बिनखर्चाची अँटी-ग्लेअर काच म्हणतात ती हीच.

फ्लॅटमध्ये मात्र ही युक्ती सगळीकडे चालत नाही. तिथे आपण फोटो डोळ्यांच्या उंचीवर लावतो आणि समोर छतापासून जमिनीपर्यंत काचेचे दार असते. ५ अंश झुकवले तरी १२ फुटांवर प्रतिबिंब दोन फूटच खाली सरकते, म्हणजे दाराच्या वरच्या भागाऐवजी खालचा भाग. तिथे उपाय एकच, भिंत बदलणे. खिडकीच्या समोरची भिंत सोडून खिडकीला काटकोनात असलेल्या बाजूच्या भिंतीवर फोटो लावा. खिळा ठोकायला पाच मिनिटे लागतात. कोणाची भिंत कोणती यावरून घरात चर्चा मात्र तासभर होऊ शकते.

भिंत निवडताना सूर्याचाही विचार करावा. आपले गाव २१.३ अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवर असतो, म्हणजे दक्षिणेच्या खिडकीची वरची कड ७ फुटांवर असेल तर ऊन खोलीत ७ फूट आत येऊन जमिनीवर पडते, समोरच्या भिंतीपर्यंत पोचत नाही. जूनमध्ये तर दुपारचा सूर्य डोक्याच्याही थोडा उत्तरेला सरकतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून थेट ऊन येतच नाही. खरा शत्रू पश्चिमेची खिडकी. संध्याकाळचे तिरपे ऊन तिच्यातून थेट समोरच्या भिंतीवर येते. तिथे लावलेला फोटो दिसत नाही हा भाग वेगळा, तो रोज तासभर भाजला जातो.

आणि इथे खरा मुद्दा येतो. चकाकी ही गैरसोय आहे, रंग उडणे हे नुकसान आहे. चकाकीवर आज उपाय केला काय, पुढच्या दिवाळीला केला काय, फरक नाही. उडालेला रंग परत येत नाही. प्रकाशाने होणारे नुकसान साठत जाते आणि अंधारात ठेवून भरून निघत नाही. म्हणून तर संग्रहालयांत कागदावरची नाजूक चित्रे ५० लक्सच्या आसपासच्या मंद उजेडात ठेवतात. थेट उन्हात हा आकडा १ लाखाच्या घरात जातो.

सगळे फोटो सारख्या वेगाने उडत नाहीत. जुना कृष्णधवल फोटो चांदीच्या कणांचा असतो, तो उजेडाला बराच टिकतो, त्याला ओल, धूर आणि खराब कागद जास्त छळतात. पण आपल्याकडे १९५०-६० च्या काळात लग्नाचे कृष्णधवल फोटो हाताने रंगवून घेण्याची हौस होती. गालावर गुलाबी, शालूवर हिरवा, दागिन्यांवर पिवळा. ते रंग आधी जातात आणि खाली करडा चेहरा उरतो. १९७०-८० मधले रंगीत प्रिंट तर अंधारातही हळूहळू लालसर होतात, उजेडात फार लवकर. आमच्या भिंतीवर आजी-आजोबांच्या लग्नाचा असाच एक हाताने रंगवलेला फोटो होता. एकच प्रत, निगेटिव्ह कधीच हरवलेली. आजीचा शालू मला लहानपणी हिरवा आठवतो, आता तो राखाडी आहे. त्या फोटोवर पुणे, इंदूर आणि अमेरिका अशा तिन्ही शाखांचा डोळा. त्याची काच बदलायची की नाही यावर फॅमिली ग्रुपवर दोन आठवडे चर्चा झाली, आणि शालू मात्र त्या दोन आठवड्यांतही पश्चिमेच्या खिडकीसमोरच होता.

साधी काच अतिनील किरणांपैकी जास्त घातक भाग अडवते, पण दृश्य प्रकाशाला लागून असलेला अतिनील पट्टा बराचसा आत सोडते. म्हणून यूव्ही गाळणारी काच मिळते आणि तिचा फायदा खरा आहे. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, चकाकी कमी करणारी प्रत्येक काच यूव्ही गाळतेच असे नाही, ते वेगळे विचारून घ्यावे लागते. दोन, दृश्य प्रकाशानेही रंग उडतात. यूव्ही काच लावली म्हणून फोटो उन्हात ठेवायची मुभा मिळत नाही. घरातल्या एलईडी दिव्यांत यूव्ही जवळजवळ नसतेच, तेव्हा फोटोवर दिवा सोडायचा तर एलईडीच.

रविवर्मा छापखान्याच्या तसबिरींची गोष्ट थोडी निराळी. हा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. फ्रिट्झ श्लायशर नावाचा जर्मन तंत्रज्ञ तो सांभाळत होता आणि पुढे तोच मालक झाला. दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटाकडे वळण्याआधी काही काळ या छापखान्याचे काम केले. देवघराबाहेरच्या भिंतीवर लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या त्या यामुळे. ही मूळ तैलचित्रे नव्हेत, कागदावरचे दगडछापाचे ठसे. (मूळ तैलचित्रे बघायची असतील तर साताऱ्याजवळ औंधच्या श्री भवानी संग्रहालयात जरूर जा.) पण तैलचित्रासारखी दिसावीत म्हणून त्यांच्यावर वार्निश चढवलेले असे आणि कधी कॅनव्हाससारखा पोत उठवलेला असे. म्हणजे काच काढली तरी तसबीर चमकतेच! तुमच्या लक्ष्मीवरची चमक काचेची आहे की वार्निशची हे आधी बघा. वार्निशची असेल तर जगातली कोणतीही काच ती घालवणार नाही. तिथे दिवा बाजूला हलवणे हाच इलाज.

काही घरांत या तसबिरींवर हौसेने टिकल्या, जर आणि कापड शिवून देवीला खरा शालू नेसवलेला असतो. बुऱ्हाणपूर हे कलाबतूचे जुने गाव, तेव्हा इथे अशी सजवलेली तसबीर निघाली तर नवल नाही. अशा तसबिरीला काच टेकता कामा नये, मध्ये अंतर हवेच. आणि अंतर आले की मॅट काच बाद. फोटोंनाही हेच लागू आहे. जुन्या फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो, पावसाळ्यात तो ओल धरून काचेला चिकटतो. म्हणून माउंट घालून किंवा कडेला पट्ट्या देऊन काच आणि फोटोत दोन-तीन मिलिमीटर जागा ठेवतात. म्हणजे ज्या जुन्या फोटोसाठी आपण एवढा विचार करतोय, त्याच फोटोला मॅट अँटी-ग्लेअर काच चालत नाही: चिकटवली तर फोटो जातो, लांब ठेवली तर फोटो धूसर होतो. माझ्या मते घरगुती जुन्या फोटोंसाठी मॅट काच हा पर्याय काढूनच टाकावा. शाळेच्या प्रमाणपत्राला लावायची तर लावा.

देवघरातल्या आणि हार घातलेल्या फोटोंसाठी महाग काच घेऊ नये हेही स्पष्ट सांगतो. आपण काचेवर गंध लावतो, कुंकू लावतो, समोर निरांजन आणि उदबत्ती असते. लेप दिलेल्या काचेवर बोटाचा ठसा साध्या काचेपेक्षा जास्त उठून दिसतो, कारण भोवतालची काच दिसेनाशी असते आणि फक्त ठसा दिसतो. दर शुक्रवारी तो पुसणार कोण? आणि कशाने? लेपाच्या काचेला खरखरीत फडके किंवा राख चालत नाही, स्वच्छ मायक्रोफायबर लागते आणि पाणी काचेवर न फवारता फडक्यावर घ्यावे लागते.

पिनबॉलचा उल्लेख इथे करायला हवा, कारण चौथा प्रश्न तिथूनच आला. माझ्या अमेरिकेतल्या आतेभावाने घरच्या तळघरात जुने पिनबॉल मशीन आणून ठेवले आहे. ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी: आपल्याकडे लाकडी फळीवर खिळे ठोकून गोटी सोडायचा खेळ असतो ना, त्याचेच विजेवर चालणारे थोरले भावंड. उतरत्या फळीवर सुमारे ८० ग्रॅमचा पोलादी चेंडू, दोन बटणांनी हलणारे दांडे, दिवे, घंटा. न्यूयॉर्क शहराने १९४२ मध्ये याला जुगार ठरवून बंदी घातली होती, ती उठली थेट १९७६ मध्ये! तर त्या फळीवर साधारण २१ बाय ४३ इंचाची कडक केलेली काच असते, आणि तिच्यावर मशीनच्याच उभ्या पेटीतले आकड्यांचे दिवे चमकतात. आतेभावाचा प्रश्न तोच, अँटी-ग्लेअर काच घ्यावी का?

तिथे माझे उत्तर उलटे होते. मॅट काच त्यालाही नको, कारण खेळाची फळी काचेच्या बऱ्याच खाली असते, सगळे धूसर दिसेल. पण लेपाची अँटी-रिफ्लेक्शन काच त्याने घ्यायला हरकत नाही. चकाकीचे मूळ मशीनच्या अंगातच आहे, ते हलवता येत नाही. काच झुकवता येत नाही. खोली अंधारी असल्याने शत्रू म्हणजे फक्त काही दिवे, दुपारचे आकाश नव्हे, त्यामुळे ८ चा १ टक्का झाला की डोळ्यांना खरोखर फरक पडतो. आणि तो तासन्‌तास एका चमकत्या, पळत्या चेंडूकडे बघत असतो. एवढेच सांगितले, की आधी पाठीमागचा छताचा दिवा एक संध्याकाळ बंद करून खेळून बघ, आणि काच घेतलीस तर ती कडक केलेलीच घे, चेंडू उसळून काचेवर आदळतो. आमच्या भिंतीचे तसे नाही. तिथे मूळ हलवता येते, फोटोही हलवता येतो आणि आपण दिवसाकाठी दोन मिनिटे बघतो.

मग घरी ही काच कुठे घ्यावी? माझे मत असे. एखादी तसबीर जिच्याजवळ जाऊन लोक बारकाईने बघतात, जिला जागा एकच आहे आणि समोर थेट खिडकी नाही, फक्त खोलीतला नेहमीचा उजेड आहे, तिथे लेपाची काच देखणी दिसते. चित्र काचेविनाच टांगलेले वाटते. एका घरात अशी एक तसबीर पुरे. वजनाचाही अंदाज घ्या: काचेचे वजन दर चौरस मीटरला दर मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो, म्हणजे २ बाय ३ फुटांची ३ मिलिमीटर काच सव्वाचार किलोच्या आसपास. अक्रिलिक हलके असते आणि फुटत नाही, पण त्यावर स्थिर वीज साठते आणि ती सुटलेला रंग किंवा जरीचे धागे ओढून घेते.

काच बदलायच्या आधी तीन ठिकाणी थांबा. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका, काचेसकट तसाच राहू द्या. मागची लाकडी फळी उघडल्यावर कसर किंवा वाळवी दिसली तर ती फ्रेम बाकीच्यांपासून लांब ठेवा, आणि जुना वर्तमानपत्राचा कागद मागे भरलेला असेल तर तो काढून आम्लमुक्त बोर्ड घाला. तिसरे सर्वांत महत्त्वाचे. काही जुन्या तसबिरींत चित्र कागदावर नसून काचेच्याच मागच्या बाजूला रंगवलेले असते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशी काचचित्रे आहेत. रंग काचेला लागून, कागद नुसता आधाराला. अशा तसबिरीची काच ‘जुनी झाली’ म्हणून बदलली तर चित्रच कचऱ्यात जाईल. फ्रेमवाल्याला द्यायच्या आधी तिरपे बघून खात्री करा.

आमच्या लग्नाच्या फोटोचे शेवटी असे ठरले. सुदैवाने तो चिकटलेला नव्हता. फ्रेममधून काढून त्याचा फोटो घेतला: दोन एलईडी दिवे दोन बाजूंना ४५ अंशांवर, कॅमेरा सरळ समोर, पडदे बंद. ज्यांना काच काढता येणार नाही त्यांनी कॅमेऱ्याच्या मागे काळे कापड धरावे, म्हणजे काचेत फक्त काळोख परावर्तित होतो. पोलराइज्ड गॉगल घरात असेल तर एक गंमत करा: काचेकडे समोरून न बघता ५६ अंशांच्या आसपास तिरपे बघा आणि गॉगल हळूहळू फिरवा, एका स्थितीत प्रतिबिंब जवळजवळ नाहीसे होते.

त्या छायाचित्राच्या तीन प्रती काढल्या, तिन्ही शाखांना. आमची प्रत त्याच जुन्या चौकटीत, साध्या काचेत, बाजूच्या भिंतीवर, किंचित पुढे झुकवून टांगली आहे. मूळ फोटो आम्लमुक्त कागदात गुंडाळून कपाटात आडवा ठेवला. महाग काच एकीच तसबिरीला घेतली, पणजोबांच्या शाळेच्या गटफोटोला. चाळीस चेहरे, त्यातले कोण कोण ते ओळखायला पाहुणे अगदी नाक टेकवून बघतात. आजीने आतापर्यंत सतरा नावे सांगितली आहेत. ती मी मऊ पेन्सिलीने एका वेगळ्या कागदावर, रांगेतल्या क्रमाने लिहून फ्रेमच्या मागे चिकटवली. दुसऱ्या रांगेतला डावीकडून चौथा, लोकरी टोपीतला मुलगा कोण, हे अजून निघायचे आहे. बुऱ्हाणपूर-रावेरच्या कोणाकडे तोच गटफोटो असेल तर आजीला भेटायला जरूर या.